‘हओ’ म्हणजे कळलं असं नव्हे

झाशीकडे होकार देताना माणसं ‘हओ’ म्हणतात. बुंदेलीतला एवढासा शब्द. गोळ्या घेतल्या का? हओ. जेवण झाल्यावरच घेता ना? हओ. पुढच्या महिन्यात दाखवायला याल? हओ, डागदर साब. मी झाशीत जन्मले, वाढले, तिथल्याच महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले. तरी या ‘हओ’चा अर्थ मला इंटर्नशिप संपत आली तेव्हा कळला, आणि तो शिकवला दगडाच्या क्रशरवर खडी वाहणाऱ्या एका म्हातारीनं.

तिला क्षय होता. थुंकीत जंतू सापडले होते. मी तिला समोर बसवून औषधं दाखवली, कुठलं कधी घ्यायचं ते सांगितलं, मध्येच सोडायचं नाही असं दोनदा बजावलं. प्रत्येक वाक्याला ती ‘हओ’ म्हणाली. आपण छान समजावलं, असं मला वाटलं. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा गालफडं बसली होती, पदराच्या टोकाला रक्ताचा डाग होता. औषध तिनं आठव्या दिवशीच बंद केलं होतं. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, ‘पेसाब लाल आन लगी ती, सो हमने बंद कर दईं.’

रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. तिला मात्र मी ते सांगितलं नव्हतं. लघवीतून रक्त जायला लागलं म्हणजे औषध सोसत नाही, तेव्हा ते थांबवावं, हा तिचा निर्णय तिच्याजवळ असलेल्या माहितीवर अगदी बरोबर होता. ‘मग तेव्हाच येऊन विचारलं का नाहीस?’ असं मी म्हटलं. ती म्हणाली, ‘तुमने पूछी नईं.’ तुम्हीच विचारलं नाहीत.

तिच्या ‘हओ’मध्ये बरंच काही होतं. मी ऐकते आहे, तुमचा मान राखते आहे, मागे रांग आहे, माझ्यापायी खोळंबा नको, आजची मजुरी बुडली आहे, लवकर सोडा. फक्त ‘कळलं’ एवढंच त्यात नव्हतं. आपल्याकडचं ‘बरं बरं’ आणि ‘हो साहेब’ हेही त्याच जातीचं. पुढे मराठवाड्यात तीस-एक वर्षं शिकवताना मी ते हजारो वेळा ऐकलं, आणि दर वेळी मला ती खडीवाली बऊ, म्हणजे आजी, आठवली.

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि डॉक्टरांनी रुग्णाशी कसं बोलावं, हा मी ज्याची ही प्रस्तावना लिहिते आहे त्या पुस्तकाचा विषय आहे. ‘संवादकौशल्य’ म्हटलं की हसरा चेहरा, गोड आवाज आणि ‘काळजी करू नका’ एवढंच अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. डॉक्टर मनानं चांगला असला की त्याला बोलणं आपसूक येतं, असंही आमच्या पिढीत मानलं जाई. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. खडीवाल्या बऊशी मी गोडच बोलले होते, आणि माझ्या मनात तिच्याबद्दल कणवही होती. तिला उपयोग झाला असता तो फक्त एका वाक्याचा: ‘या औषधानं लघवी लाल होईल, घाबरू नका, ते रक्त नव्हे.’ हे वाक्य सुचावं कसं, कधी उच्चारावं, आणि ते पोचलं की नाही हे तपासावं कसं, हे शिकावं लागतं. नाडी पाहायला शिकतो तसंच.

या कौशल्याचं पहिलं काम समजावण्याचं नाही, निदानाचं आहे. वाग्भटानं रोग्याची परीक्षा तीन मार्गांनी सांगितली: पाहणं, स्पर्श करणं आणि विचारणं. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० नव्या बाह्यरुग्णांचा अभ्यास छापला. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकून जे निदान मनाशी ठरलं, तेच ६६ जणांच्या बाबतीत शेवटी कायम राहिलं. अंगाची तपासणी केल्यावर ७ जणांचं निदान बदललं, चाचण्यांनंतर आणखी ७ जणांचं. तेव्हा सीटी सर्रास नव्हता, एमआरआय नव्हता, हे खरं. पण आज ती यंत्रं आहेत म्हणून हकिकत स्वस्त झाली, असं मला कुठल्याही वॉर्डात दिसलेलं नाही. उलट कुठल्या अवयवाचा स्कॅन काढायचा, हेसुद्धा हकिकतच सांगते.

आता भाषेकडे वळते, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथून सुरू होतो.

झाशी आणि मराठी यांचं नातं जुनं आहे. शहरातल्या गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिकेचं गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न लागलं. नेवाळकरांच्या आगेमागे तिथे गेलेली मराठी घरं अजून नांदती आहेत, आणि त्यांतल्याच एका घरात मी वाढले. दाराच्या आत मराठी, दाराबाहेर बुंदेली, शाळेत हिंदी. आजीला मात्र मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत दुखणं सांगता येत नसे. बाजारहाट ती बुंदेलीत करायची, भांडायचीसुद्धा बुंदेलीत. पण दुखायला लागलं की मराठी. एका दुपारी ती घामानं भिजली आणि ‘मला कसंतरी होतंय’ म्हणून खाली बसली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. माझ्या काकांनी ‘कसंतरी’चं हिंदी केलं ‘घबराहट’. डॉक्टरांनी मन शांत करणारी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ईसीजी काढला तेव्हा कळलं, हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

‘कसंतरी’ला हिंदी शब्द नाही, आणि खरं म्हणजे मराठीतही त्याचा एक अर्थ नाही. पोटात ढवळलं तरी कसंतरी होतं, साखर उतरली तरी होतं, मरण जवळ आलं तरीही होतं. अशा वेळी डॉक्टरनं एवढंच विचारायचं असतं: ‘कसंतरी म्हणजे कसं?’ आणि मग थांबायचं असतं. आजीनं सांगितलं असतं. तिच्याकडे शब्दांची वाण नव्हती. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा: कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सल राहतो, मुरडा होतो, पिळवटतं, टोचतं, जळजळतं, भणभणतं, अवघडतं, उसण भरते. यांतला प्रत्येक शब्द शरीरातल्या वेगळ्या जागेकडे, वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. मुरडा आतड्याचा, ठणका पुवाचा, उसण पाठीच्या स्नायूची, भणभणणं डोक्याचं. रुग्ण हे सगळं बोलतो आणि केसपेपरवर आपण लिहितो ‘पेन’. निदानाची अर्धी वाट रुग्णानं चालून दिलेली असते, ती आपण पुसून टाकतो.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे लातूरची मुलगी झाशीला जाते आणि बिहारचा मुलगा यवतमाळला येतो. मला यात देशाचं भलंच दिसतं. पण या मुलांना पहिल्या दिवसापासून परक्या बोलीत दुखणी ऐकायची असतात, आणि त्यासाठी त्यांच्या हाती कुणी शब्दकोश देत नाही. माझ्या एका परप्रांतीय विद्यार्थ्यानं ‘अंगावरून वारं गेलं’ ही तक्रार पोटातला वायू म्हणून लिहून घेतली होती. खाटेवरच्या माणसाची उजवी बाजू लुळी पडली होती. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीची आग, हे न कळल्यानं दुसऱ्या एकीनं उष्माघाताचं पाणी लावायची तयारी केली. ‘अंगावर जातंय’ हे बाईनं खालच्या मानेनं सांगितलं, तर ‘कुठे जातंय?’ असा प्रश्न आला आणि ती बाई उठून निघून गेली.

उलट बाजूही तशीच. बुंदेलखंडात मूंड़ पिरात म्हणजे डोकं दुखतं, हे चार दिवसांत कळतं. पण ‘पसली चल रई’ असं म्हणत एखादी आई बाळाला घेऊन आली, तर मराठी विद्यार्थिनीला वाटेल, बरगड्या हलणारच, श्वास चालू आहे म्हटल्यावर. ती आई मात्र न्यूमोनियाचं ठळक लक्षण सांगत असते. श्वास घेताना बाळाची छाती बरगड्यांखाली आत ओढली जाते, तेच तिनं पाहिलेलं असतं. पाठ्यपुस्तकात ज्याला तातडीची खूण म्हटलंय, ती खूण त्या निरक्षर आईच्या बोलीत तयार शब्द होऊन बसली आहे. त्या शब्दाला कान दिला तर पाच मिनिटांत प्राणवायू लागतो. नाही दिला तर बाळ रांगेत बसून राहतं.

लोकांच्या बोलीला कान देण्याचं हे काम महाराष्ट्रात सगळ्यांत मन लावून झालं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, तुम्ही इस्पितळात का जात नाही? मिळालेली उत्तरं औषधांबद्दल नव्हती. तिथली भाषा आम्हाला कळत नाही, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. मग दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला त्यांच्या देवीचं, दंतेश्वरीचं, नाव मिळालं. त्याच भागातल्या दोन खेड्यांतल्या बायकांचा राणी बंगांनी केलेला अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणं होतं, ते सांगायला कान नव्हता. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे सांगितलं होतं. शंभर वर्षांनीही गडचिरोलीत ते सांगणं तसंच खरं होतं.

ऐकण्याला वेळ लागतो, आणि आमच्याकडे तो नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो नाहीच. बीएमजे ओपनमध्ये २०१७ साली ६७ देशांतल्या प्राथमिक सेवेचा आढावा आला. डॉक्टर आणि रुग्ण यांची भेट स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटांची होती, बांगलादेशात ४८ सेकंदांची आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. सकाळी नऊला ओपीडी उघडली आणि खिडकीपासून जिन्यापर्यंत रांग असली, तर दोन मिनिटं म्हणजेही चैन वाटते. हे मी स्वतः भोगलेलं आहे आणि त्यावर उपदेश करणार नाही. जागा भरा, खाटा वाढवा, निवासी डॉक्टरांना झोपू द्या, हे सरकारला सांगायचं आहे, विद्यार्थ्यांना नव्हे.

पण असलेली दोन मिनिटं कशी खर्च होतात, ते पाहायला हवं. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. तोडलेलं बोलणं पुन्हा जुळत नाही. रुग्ण पुढे फक्त प्रश्नांना उत्तरं देतो, आणि मनात धरून आणलेली गोष्ट मनातच घेऊन परत जातो. किंवा दाराच्या कडीला हात लागल्यावर मागे वळून ती सांगतो: ‘अजून एक, रात्री छातीत जरा धडधडतं.’ प्रत्येक डॉक्टरनं हे वाक्य ऐकलेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये मग उलटा प्रयोग झाला. डॉक्टरांना सांगितलं, रुग्णाला मध्ये तोडू नका. तो आपणहून किती वेळ बोलतो? ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद. दहातले जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत स्वतःहून थांबले. रुग्णाला मोकळं सोडलं तर तो तासभर बोलत बसेल, ही आपली भीती २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोटी ठरली.

मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणत असे: पहिलं दीड मिनिट पेन खाली ठेवा. स्टूल ओढून बसा. उभ्या डॉक्टरशी कुणी मनातलं बोलत नाही. वयानं मोठ्या बाईला ‘ए आजी’ म्हणून हाक मारू नका, ‘आजी, बसा’ म्हणा. झाशीत असाल तर ‘बऊ’ म्हणा, वयस्क माणसाला ‘दद्दा’ म्हणा. खाट क्रमांक बाराला नाव असतं, ते उच्चारा. सोबत आलेल्या मुलानं वडिलांच्या वतीनं बोलायला सुरुवात केली, तर त्याचं ऐका आणि मग वडिलांकडे वळून विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल?’ या प्रश्नाचं उत्तर वैद्यकीय दृष्ट्या अनेकदा चुकीचं असतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं कोबी बाधली. पण ते उत्तर कळल्याशिवाय तुमचं औषध त्याच्या घरात टिकणार नाही.

आता सांगण्याबद्दल. इथे या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण येतं: रुग्णाकडूनच परत वदवून घेणं. ‘कळलं का?’ हा प्रश्न टाकून द्या. त्याचं एकच उत्तर असतं, आणि ते मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. त्याऐवजी म्हणा, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ यात परीक्षा रुग्णाची होत नाही, तुमची होते, आणि त्याला ते जाणवतं.

जुलाब झालेल्या बाळाच्या आईला आपण ओआरएसचं पाकीट देतो आणि सांगतो, ‘एक लिटर पाण्यात.’ ती मान डोलावते. मी एकदा अशा एका आईला म्हटलं, घरी करता तसं इथेच करून दाखवा. तिनं पाकीट फोडलं आणि सगळी पूड पेलाभर पाण्यात ओतली. ते द्रावण बाळाला पाजलं असतं तर रक्तातलं मीठ वाढून आकडी आली असती. तिच्या घरात लिटर नावाचं भांडं नव्हतं. तिच्याकडे तांब्या होता, कळशी होती, आणि तेलाची एक रिकामी बाटली होती जिच्यावर ‘१ लिटर’ असं छापलेलं होतं. बाटली स्वच्छ धुऊन, मानेपर्यंत भरून, पातेल्यात ओतून मग पूड, असं ठरलं. तिनं ते परत बोलून दाखवलं. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली. ‘उपाशीपोटी’ लिहिलेली गोळी एकादशीच्या दिवशीच घेणारे, दम्याच्या पंपाची कॅप्सूल गिळून टाकणारे, योनीत ठेवायची गोळी पाण्याबरोबर घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतलं एकही माणूस मंदबुद्धीचं नव्हतं. प्रत्येकाला कुणीतरी घाईनं ‘कळलं ना?’ विचारलं होतं.

वाईट बातमी कशी सांगावी, हे प्रकरण वाचताना मला मध्येच पुस्तक मिटावं लागलं. माझे वडील एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेले. आम्ही चौघं बाहेरच्या व्हरांड्यात होतो. आतून एक तरुण डॉक्टर आला, त्यानं हातातल्या कागदाकडे पाहून विचारलं, ‘सोळा नंबरचे कोण?’ आम्ही उभे राहिलो. ‘गेले. कागदपत्रं खाली होतील.’ तो वळला आणि आत गेला. आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला ‘गेले’ म्हणजे दुसऱ्या वॉर्डात नेले असं वाटलं होतं. ती बातमी मग मीच तिला सांगितली.

त्या मुलाबद्दल माझ्या मनात आज राग नाही. त्याचे डोळे तारवटलेले होते, कधीपासून जागा होता कुणास ठाऊक. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मलाही शिकवलं नव्हतं, आणि त्याच्या वयाची असताना मी याहून बरं बोलत होते, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मनोविकारतज्ज्ञ बेली, कर्करोगतज्ज्ञ बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली यासाठी सहा पायऱ्यांची एक रीत मांडली. जगभर ती ‘स्पाइक्स’ या नावानं शिकवतात आणि या पुस्तकात ती सविस्तर आली आहे. पायऱ्या पाठ करणं अवघड नाही. अवघड आहे ती बातमी सांगितल्यानंतरची शांतता. त्या शांततेत डॉक्टरला काहीतरी बोलण्याची घाई होते, आणि तो आकडे, कारणं, पुढच्या तपासण्या असं काहीबाही सांगत सुटतो. त्यातलं काही ऐकू जात नाही. ‘मृत्यू झाला’ हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, मग गप्प बसावं, समोरच्याला रडू द्यावं, पाणी पुढे करावं. उठून जाऊ नये. बस्.

रुग्णाला स्वतःच्या आजाराचं किती सांगायचं, हा आपल्याकडचा खास पेच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात म्हटलं आहे की रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं कळलं, तरी जिथे ते सांगितल्यानं त्याला वा इतरांना आघात होईल तिथे सांगू नये. आपली कुटुंबं अजूनही याच वळणावर चालतात. ‘बाबांना कॅन्सर म्हणू नका, अल्सर म्हणा,’ अशी गळ घालत मुलगा डॉक्टरच्या मागे मागे येतो. मला हा मुलगा वाईट वाटत नाही. पण बाबांना बहुतेकदा कळलेलं असतं, आणि ते मुलासाठी न कळल्याचं सोंग वठवत असतात. दोघं एकाच खोलीत, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत, शेवटचे महिने काढतात. जमिनीचं काय, धाकटीच्या लग्नाचं काय, हे बोलायचं राहून जातं. अशा वेळी मी रुग्णालाच एकटं गाठून विचारते, ‘तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ कुणी म्हणतं, त्याच्याशीच बोला. कुणी म्हणतं, खाली बसा आणि सांगा. दोन्ही उत्तरं त्यांची असतात, माझी किंवा मुलाची नव्हेत. चरकाचं म्हणणं मोडतं, असं मला वाटत नाही. आघात कशानं होईल हे रुग्णाला विचारल्याखेरीज कळणार कसं?

झाशीबद्दल लिहिताना एक रात्र टाळता येत नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला माझ्याच महाविद्यालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्या रात्री दहा बाळं दगावली, आणि नंतरच्या दिवसांत आकडा वाढला. आगीची कारणं शोधणं हे या प्रस्तावनेचं काम नाही. मी दूर मराठवाड्यात बसून दूरचित्रवाणीवर ते आईबाप पाहत होते, आणि मनात एकच येत होतं: अशा वेळी कुणीतरी हातात यादी घेऊन त्यांच्यात उभं राहायला हवं. प्रत्येक आईचं नाव विचारून, तिच्या बाळाचं जे ठाऊक आहे तेवढं सांगणारं, आणि जे ठाऊक नाही ते ‘अजून कळलेलं नाही, कळताच मीच येऊन सांगते’ असं म्हणणारं, आणि मग खरोखर परत येणारं. आग विझवण्याचा सराव इस्पितळांत व्हायला हवा, तसा याचाही व्हायला हवा.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात लिहिते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या वतीनं, जिवावरचा प्रसंग नसताना, आईची सहीही पुरत नाही. तरी आजही कित्येक वॉर्डांत संमती म्हणजे नर्सनं पुढे केलेला कागद आणि ‘इथे अंगठा’ एवढंच असतं. अंगठा हाही एक ‘हओ’च आहे.

समाधानाची गोष्ट अशी की हे सगळं आता अभ्यासक्रमात आलं आहे. भारतीय वैद्यक परिषदेनं वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा अभ्यासक्रम २०१८ मध्ये आणला, आणि २०१९ च्या तुकडीपासून तो एमबीबीएसच्या सगळ्या टप्प्यांत लागू झाला. पहिल्याच वर्षी ‘रुग्ण असणं म्हणजे काय’ यावर मुलांना बोलतं करतात, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा आपला पहिला शिक्षक, हेही शिकवतात. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास आहेत. विद्यार्थ्यांनी खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायचं, असाही उपक्रम आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. पण जिथे हे तास दोनशे मुलांच्या सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवून उरकले जातात, तिथे काही साधत नाही. पोहणं काठावर बसून शिकवता येत नाही. हे खाटेशेजारी शिकवावं लागतं, आणि सकाळच्या राउंडला प्राध्यापक रुग्णाशी कसं बोलतात, यावरून मुलं खरं शिकतात. रुग्णाच्या अंगावरचं पांघरूण न विचारता ओढणाऱ्या प्राध्यापकानं नंतर सभागृहात सन्मानावर तासभर व्याख्यान दिलं, तरी मुलांच्या लक्षात पांघरूणच राहतं.

चांगलं बोलल्यानं डॉक्टरांवरचे हल्ले थांबतील, असंही कुणी मानू नये. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावानं मारलं, त्यात त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. महाराष्ट्रात अशा हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून होता, तरी हे घडलं. मार खाणाऱ्याला ‘तू नीट बोलला नाहीस’ म्हणणं हा अन्याय आहे. मात्र आत काय चाललंय हे तासातासाला बाहेर येऊन सांगणारा एक माणूस असला, की व्हरांड्यातला संशय पुष्कळ निवतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाला उपचारापेक्षाही आधी बातमी हवी असते.

माझी ती खडीवाली बऊ. तिचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मी तिला काचेच्या बाटलीत लाल रंगाचं पाणी करून दाखवलं आणि म्हटलं, अशी होईल. ती हसली. मग मी विचारलं, ‘घरी मुलानं विचारलं तर काय सांगशील?’ तिनं सांगितलं, तिच्या बोलीत, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत. तिनं उपचार पुरे केले. पुढे तिच्या वस्तीतली आणखी दोन माणसं तिच्याबरोबर तपासायला आली, आणि त्यांना लघवीच्या रंगाबद्दल मला काही सांगावं लागलं नाही, तिनंच वाटेत सांगितलं होतं.

या पुस्तकाच्या शेवटी सोळा पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. जिथे शिकायला किंवा नोकरीला जाल, तिथले रुग्ण दुखण्याला जे शब्द वापरतात, ते त्या पानांवर लिहून ठेवा. शब्द, कुणी सांगितला, त्याचा अर्थ काय निघाला. रोज एक लिहिलात तरी पुरे. आणि बदली होऊन निघताना ते पुस्तक तुमच्या जागी येणाऱ्या मुलाच्या हातात द्या.